रोल कोरा, तक्रार पक्की

“वहिनी, तो घेवडा ठेवा खाली आणि भिंतीपाशी या. समोरच्या भाऊंचं बिंग फुटलं!”

“अगंबाई! कसलं बिंग?”

“पाडव्याचं. १९९९ साली गणेश मंदिर संस्थानाने नववर्षाची पहिली स्वागतयात्रा काढली, आठवतंय ना? भाऊ मेहुण्याने कुवेतहून आणलेला पेंटॅक्स के-१००० गळ्यात अडकवून भल्या पहाटे फडके रोडवर. ३६चा अख्खा रोल उडवला आणि धुऊन आला तो कोराच्या कोरा.”

“हे तर अख्ख्या मिलापनगरला पाठ आहे, काकू. स्टुडिओवाल्याने औषधात घोळ घातला आणि डोंबिवलीचा इतिहास बुडवला. दर पाडव्याला श्रीखंडाबरोबर हेच वाढतात ते.”

“तेच तर! आता त्यांचा भाचा आलाय ना राहायला, तो केस वाढवलेला? त्याला जुन्या कॅमेऱ्यांचं वेड. हातात मोबाइल असून रोलला पैसे घालतो. परवा त्याने माळ्यावरनं पेंटॅक्सची पिशवी काढली, तर तळाशी तेच पाकीट. पट्टी खिडकीत धरली आणि मामाला म्हणतो, धुण्यात काहीच चुकलेलं नाही.”

“आणि तुम्हाला कसं कळलं?”

“मी विरजण मागायला गेले होते.”

“बरोबर वेळ साधलीत! पण कोऱ्या पट्टीवरून काय कळणार?”

“मीही तेच विचारलं. तो म्हणाला, पट्टीच्या कडेला कंपनीचं नाव आणि आकडे असतात, ते कारखान्यातच उजेडाने उमटवलेले असतात. रोल धुतला की तेही दिसायला लागतात. औषध बिघडलं असतं तर कडेचे आकडेही उमटले नसते. कुणी मध्येच झाकण उघडलं असतं तर पट्टी काळीकुट्ट झाली असती. इथे आकडे ठसठशीत आणि मधे सगळा एकसारखा नारिंगी रंग. म्हणजे रोल लेन्सपुढे आलाच नाही.”

“अहो, पण खटके तर मारले ना?”

“मारले की. रोलची जीभ उजवीकडच्या चक्रीच्या खाचेत नीट बसली नव्हती, ती सुटली. मग वर आकडा पुढे सरकतोय आणि आत रोल डबीत स्वस्थ झोपलाय. पोरगा सांगत होता, दांडी ओढताना डावीकडची गुंडाळायची चावी फिरते का, एवढंच बघायचं. ती हलत नसेल तर आतही काही हलत नाही. रोल खरंच संपला की दांडी अडते. यांची अडलीच नाही. उलट घरी येऊन मिशीला पीळ, ‘३६च्या रोलात मी ४० बसवले!’”

“तरी बरं, झाकण नाही उघडलं. आमच्या कल्याणच्या दिरांनी खालचं बटण न दाबताच चावी फिरवली, गुंडाळताना भोकंच फाटली. मग दारं-खिडक्या बंद करून दोन रजया पांघरून पलंगाखाली शिरले. रोल हाताला लागला, तेवढ्यात धाकट्याने रजई उचलून विचारलं, ‘बाबा, लपाछपी?’”

“गेला म्हणायचा रोल!”

“गेलाच. त्यापेक्षा आमच्या ठाण्याच्या आत्याकडचा आग्फा क्लिक थ्री बरा. बडोद्याला बनायचा, १२ फोटो. मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत चावी फिरवायची, संपला की कागदाची चिकटपट्टी जिभेने ओली करून रोल घट्ट बंद करायचा.”

“त्यात कुठलं आलंय चुकायला?”

“वा! चावी फिरवायला विसरलात तर तो अडवत नाही, एकावर एक दोन फोटो. काकांनी तलावपाळीवर आत्याला उभं केलं, खटका मारला. मग तसाच कोपिनेश्वराचा घेतला. आत्याच्या अंबाड्यातून थेट देवळाचा कळस निघालेला! तिने तो फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलाय. साक्षात्कार म्हणते.”

“काकांनी खरं सांगितलं नाही?”

“जेवायचं असतं ना त्यांना तिच्याच हातचं!”

“पण मला सांगा काकू, स्टुडिओवाल्याने तरी का सोसलं? रोज ढीगभर रोल बघणारा माणूस. त्याला ते आकडे दिसले नसतील?”

“दिसले असणारच. पण भाऊ काउंटरवर ओरडतायत, शेजारी त्यांच्या सौ., मागे चार गिऱ्हाइकं. बायकोदेखत कसं सांगणार, साहेब, तुम्हाला रोल भरता येत नाही? पाकिटावर छापलेलंच असायचं, रोल खराब झाला तर बदली कोरा रोल मिळेल. त्याने मुकाट्याने नवा काढला. वर काय म्हणाला माहितीये? ‘कॅमेरा आणा इकडे, मीच भरून देतो.’”

“अस्सं! म्हणजे पक्कं कळलं होतं त्याला.”

“नाहीतर काय! साऱ्या गावाने घाईत रोल भरायचे आणि खापर त्याच्या औषधावर. कुणाकुणाच्या घरचं काय काय ठाऊक असेल त्याला, पण कधी चकार शब्द नाही काढला.”

“मग येत्या पाडव्याला विचारूच या भाऊंना, चारचौघांत. म्हणावं, जरा ती पट्टी दाखवा.”

“छे छे, भलतंच!”

“का बरं? इतकं रंगवून सांगताय ते!”

“अहो, तो फुकटचा रोल कुठे गेला? आमच्या धाकट्याच्या मुंजीत. भाऊंनी एक पैसा घेतला नाही. दिवाणखान्यातला मातृभोजनाचा मोठा फोटो त्यातलाच. म्हणून म्हणते, हे आपल्या दोघींतच राहू द्या.”

“मघाशी कोपऱ्यावरच्या ताईंना काय सांगत होतात मग? पार ओट्यापर्यंत आवाज येत होता.”

“त्यांना मुंजीचं नाही सांगितलं. तुम्हीही कुणाला सांगाल तेव्हा तेवढं गाळा.”