राणीचे गाल

आजीच्या ट्रंकेच्या तळाशी, पुरचुंडीत बांधलेला राणीछाप रुपया सापडला, तेव्हा मी आधी दार लोटून घेतलं. त्यावर साल होतं १८६२. चांदीचा, दीडशेहून जास्त वर्षांचा, शिवाय प्रत्यक्ष राणीचा! असल्या नाण्यांना लाखांनी भाव मिळतो, हे व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलेलं होतंच. घरकर्जाचे किती हप्ते उरलेत ते मनातल्या मनात मोजून झालं. चारचौघांत न्यायचा तर जरा बरा दिसावा, म्हणून आईने देवाच्या चांदीच्या भांड्यांबरोबर तोही रांगोळीने खसखसून घासून दिला. काळवंडलेली राणी लख्ख झाली.

रविवारी पुण्याचा जुना बाजार गाठला. गंजके पाने, जोडीदार हरवलेले बूट आणि मुके रेडिओ ओलांडत एका नाणीवाल्या काकांपुढे उकिडवा बसलो. त्यांनी रुपया दोन बोटांत कडेने धरला, डोळ्याला भिंग लावलं आणि विचारलं, "रांगोळी की दंतमंजन?"

"रांगोळी," मी कबूल केलं.

"राणीच्या गालावर चरे पडलेत बघा. अहो, तो काळेपणा इतक्या वर्षांचा होता. गिऱ्हाईक त्याचेच तर पैसे देतं."

सालाचीही तीच गत. रुपयावरचं १८६२ हे साल सरकारने १८७४ पर्यंत तसंच चालू ठेवलं. खरं वर्ष कोणतं, ते अभ्यासक बारीक ठिपके मोजून ठरवतात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ठोकून द्यावी, त्यातलाच प्रकार! शिवाय असे रुपये कोट्यवधींनी पाडले गेले आणि लोकांनी ते गाडग्यांत भरून पुरले. नाणं दुर्मिळ व्हायचं तर आधी हरवावं लागतं. आमच्या आज्यांनी काही हरवू दिलं तर ना!

काका रंगात आले. खरा तोरा म्हणे १९३९ च्या रुपयाचा. माझ्या राणीपेक्षा ७७ वर्षांनी लहान, पण हाताला लागणं मुश्कील. म्हणून तर १९३८ मधल्या ८ चा ९ करून देणारे कारागीर आहेत. १९११ च्या रुपयाची कथा आणखी मजेशीर. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला. बोभाटा झाला, सरकारने बहुतेक रुपये वितळवले आणि १९१२ मध्ये हत्ती नीट काढून नवे पाडले. बिचारा बादशहा! गळ्यात मानाची साखळी आणि चर्चा डुकराची.

एवढ्यात एक गृहस्थ रुमालात गुंडाळलेलं नाणं घेऊन आले. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८. काकांनी ते हातातसुद्धा घेतलं नाही. "कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. देवघरात ठेवा, पाया पडा, विकायला मात्र आणू नका." गृहस्थांचा चेहरा बघून मला माझं दुःख हलकं वाटू लागलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

शेवटी माझा रुपया काट्यावर चढला. साडेअकरा ग्रॅम. मुळात हवा ११.६६, म्हणजे बरोबर एक तोळा. पूर्वी तोळा मोजायचा तो या रुपयानेच. कमी भरलेलं काही लोकांच्या बोटांनी नेलं असेल, काही आमच्या रांगोळीने. काकांनी चांदीचा भाव सांगितला, वर चहाही पाजला.

मी रुपया विकला नाही. यंदाही तो लक्ष्मीपूजनाच्या ताटात असेल. तुमच्याही ट्रंकेत असा एखादा असेल, तर तो कडेने धरा, जमेल तेव्हा जाणत्याला दाखवा आणि रांगोळी दारातच घाला.