नवग्रहांचं पासिंग

जुनी गाडी विकण्याचा विचार मराठी माणूस वर्षातून एकदाच करतो, विमा भरताना. एरवी तो ती गाडी घेऊन कुठे लांब जाता येईल, याचे नकाशे बघत असतो. नव्या गाडीवाल्याला महाबळेश्वर पुरतं. ज्याचा डावीकडचा मागचा दरवाजा फक्त बाहेरून उघडतो, ज्याच्या डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा इतकी वर्षं जळतो आहे की घरच्यांना तो सजावटीचा भाग वाटतो, त्याला मात्र तुंगभद्रेच्या अलीकडे थांबणं कमीपणाचं वाटतं. असे बरेच लखपती आमच्या ओळखीत आहेत. त्यांचे लाख बँकेत नसून मीटरवर आहेत. "अजून मख्खन चालते," असं ते सांगतात, आणि सांगताना एक हात नकळत बॉनेटवर ठेवून बघतात.

अशा सर्व लखपतींना आमचा सल्ला आहे: कुंभकोणमला जा. पुण्याहून बाराशे-तेराशे किलोमीटर. हुबळी, बंगळूर, सेलम, त्रिची, तंजावर करत कावेरीच्या काठी पोचायचं. बाकीचे लोक तिथे महामहम तलावात बुडी मारायला जातात. तो सोहळा बारा वर्षांनी एकदा येतो. मागचा २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये आहे. लखपतींच्या गाडीतलं कुलंट बदलण्याचं वेळापत्रकही साधारण हेच असल्यामुळे तारखा लक्षात ठेवायला सोपं जातं.

पण खरं कारण वेगळं. कुंभकोणमच्या अवतीभवती, साठेक किलोमीटरच्या टप्प्यात, नवग्रहांची नऊ स्वतंत्र देवळं आहेत. तमिळनाडूची सरकारी बस एका दिवसात नऊही ग्रह दाखवून आणते. ज्या गाडीचं इंजिन, ब्रेक आणि वायरिंग गेली कित्येक वर्षं केवळ ग्रहबळावर चाललं आहे, तिने एकदा तरी संबंधितांना समक्ष भेटून आभार मानायला नकोत का?

वाटेतला पहिला साक्षात्कार कॉफीचा. कुंभकोणम शेकडो किलोमीटर लांब असतानाच 'कुंभकोणम डिग्री कॉफी'च्या पाट्या सुरू होतात. पितळी डबरा, पितळी पेला, वर फेस. लखपती प्रत्येक पाटीला थांबतो. घरच्यांना वाटतं, बाबांना दाक्षिणात्य संस्कृतीची ओढ आहे. प्रत्यक्षात तापमानाचा काटा लालकडे सरकला की बाबांना कॉफीची तल्लफ येते. काटा खाली आला की पेला संपतो.

दुसरा साक्षात्कार धर्मपुरी आणि सेलमच्या मधला तोप्पूरचा घाट. लांबलचक उतार, आणि अपघातांबद्दल नाव खराब. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ते वर्षानुवर्षं बदललं नाही की त्यात पाणी साठत जातं, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाहीत. पाय मात्र खोल जातो. म्हणून उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची असते. लखपती ती न्यूट्रलमध्ये ठेवतो, कारण त्याच्या मते पेट्रोल वाचतं. वाचलंच तर ते पेट्रोल साधारण एका कॉफीइतकं भरतं. जीव वाचला तर तो ग्रहांच्या खात्यात जातो.

पुढे नामक्कल लागतं. लॉऱ्यांची बॉडी बांधणारं गाव. जिथे अख्खा ट्रक उभा करतात, तिथे आपल्या गाडीचा खडखडाट बघणारा माणूस सहज मिळेल. पण लखपती नामक्कलला थांबत नाही. मेकॅनिकने बॉनेट उघडलं की काहीतरी निघतंच, असा त्याचा अनुभव आहे. न उघडलेल्या बॉनेटखाली आजवर कधीही काम निघालेलं नाही.

असो. पोचलो कुंभकोणमला. आता दर्शन.

सुरुवात सूर्यनारकोविलपासून. सूर्याकडे आपण रेडिएटर सोपवला आहे. कुलंटमुळे पाणी उशिरा उकळतं आणि आतलं लोखंड गंजत नाही. पण नळाचं पाणी फुकट असतं, त्यामुळे मराठी रेडिएटर नळावर वाढला आहे. तिंगळूरचा चंद्र हेडलाइटचा. पौर्णिमेला दोन्ही लागतात, अमावस्येला एक लागते. तिरुवेंकाडूच्या बुधाकडे वायरिंग, कारण ते समजायला बुद्धी लागते, आणि मागच्या तीन इलेक्ट्रिशियनांनी आपापली बुद्धी काळ्या टेपने गुंडाळून तिथेच ठेवली आहे. कंजनूरच्या शुक्राकडे एसी. तो सध्या अस्ताला आहे. आलंगुडीच्या गुरूकडे गल्लीतला फिटर: "साहेब, अजून काढेल वर्षभर," हा मंत्र त्याने दिला आणि शिष्याने तो दरवर्षी नव्याने घेतला.

वैत्तीश्वरनकोविलला मंगळ आहे आणि महादेव वैद्याच्या रूपात आहे. शिवाय गावभर नाडीपट्टीवाले. अंगठ्याचा ठसा घेऊन ते तुमचा पूर्वजन्म काढून देतात. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांची इथे फार मोठी सोय होण्यासारखी आहे. गाडीचा पूर्वजन्म विकणाऱ्याने सांगितला तेवढाच आपल्याला ठाऊक असतो: डॉक्टरांची गाडी, घर ते दवाखाना, रनिंग चाळीस हजार. स्टिअरिंगची कातडी झिजून तुळतुळीत झाली आहे, ब्रेकच्या पेडलचं रबर अर्धं उरलं आहे आणि मीटर चाळीस हजारांवर आहे. डॉक्टर बहुधा दवाखान्यात घाटमार्गे जात असावेत.

तिरुनळ्ळारला शनी. हे गाव कारैकलमध्ये, म्हणजे कारभार पुदुच्चेरीचा. इथल्या नळतीर्थात स्नान करून अंगावरचे जुने कपडे तिथेच सोडून यायची प्रथा आहे, म्हणजे साडेसाती मागे राहते. अनेक सौभाग्यवती काठावर उभ्या राहून आधी त्या कपड्यांच्या ढिगाकडे आणि मग पार्किंगकडे विचारपूर्वक बघतात. लखपती मुकाट्याने सदरा सोडतो आणि किल्ली मुठीत घट्ट धरतो.

मात्र खरा चमत्कार तिरुनागेश्वरमला, कुंभकोणमपासून हाकेच्या अंतरावर. इथे राहूच्या मूर्तीवर दुधाचा अभिषेक केला की दूध निळं दिसतं, असं भाविक सांगतात आणि ते बघायला राहुकाळात गर्दी करतात. लखपतीला या चमत्काराचं फारसं अप्रूप नसतं. त्याच्या सायलेन्सरमधून पाच वर्षं निळाच धूर येतो आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की इंजिन ऑइल वर चढून पेट्रोलबरोबर जळतं आणि धूर निळा होतो. पांढराच धूर येत राहिला तर पाणी जळतंय आणि हेडगॅस्केट बघायला हवं. काळा आला तर पेट्रोल जास्त जातंय. एवढं निदान गाडी स्वतःच शेपटीने लिहून देते. पण ते वाचायला गाडीच्या मागे उभं राहावं लागतं, आणि मागे उभा असतो तो बिचारा स्कूटरवाला. उरला कीळपेरुम्पळ्ळमचा केतू; त्याचा वर्णच धुराचा. उरलेला धूर त्याला वाहायचा.

नवग्रह आटोपले की दारासुरम बघायचं. ऐरावतेश्वराचं हे देऊळ राजराज दुसऱ्याने बाराव्या शतकात बांधलं. त्याचा पुढचा मंडप रथासारखा आहे: दगडी चाकं, दगडी घोडे. सिंगल ओनर, नॉन-ॲक्सिडेंट, रनिंग शून्य. युनेस्कोने २००४ मध्ये त्याला जागतिक वारशात घेतलं. एकही किलोमीटर न चालता आठशे वर्षं सुस्थितीत राहिलेलं हे वाहन बघून लखपतीच्या मनात आपल्या गाडीबद्दल जी आशा पालवते, ती मात्र निराधार आहे. उभ्या गाडीचेही टायर म्हातारे होतात.

टायरवरून आठवलं. गणिती रामानुजन कुंभकोणममध्येच लहानाचा मोठा झाला. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचं त्याचं घर आजही बघायला मिळतं. पुढे लंडनच्या रुग्णालयात इंग्रज गणिती हार्डीसाहेब त्याला भेटायला गेले आणि म्हणाले, आलो त्या टॅक्सीचा नंबर १७२९ होता, फारच नीरस आकडा. रामानुजन लगेच म्हणाला, छे, दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारांनी मांडता येणारा हा सगळ्यात लहान आकडा आहे. टॅक्सी अजरामर झाली. लखपतीलाही ही गोष्ट पाठ असते. पण त्याच्या स्वतःच्या टायरच्या कडेला असाच एक नीरस चार आकडी नंबर छापलेला आहे: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १११४ असेल, तर तो टायर २०१४ च्या अकराव्या आठवड्यात जन्मला. नक्षी कितीही शाबूत असो, रबर कडक होऊन त्याला भेगा जायची वेळ केव्हाच झालेली असते. हा आकडा बघून रामानुजन गाडीत बसला नसता.

इथवर आम्ही लखपतीची थट्टा केली. आता मायबाप सरकारची पाळी. कारण बॉनेट न उघडण्याच्या बाबतीत दोघांचं गोत्र एक आहे.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. मग दर पाच वर्षांनी फेरनोंदणी. १ एप्रिल २०२२ पासून तिची फी सहाशे रुपयांवरून पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी दहा हजार. वर महाराष्ट्रात पर्यावरण कर आहेच. म्हणजे धूर काळा असो की निळा, पावती हिरवी. दिल्लीत तर डिझेल दहा वर्षांचं आणि पेट्रोल पंधरा वर्षांचं झालं की गाडी मेलेली धरायची, असा नियम निघाला. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर पेट्रोलही द्यायचं नाही, असं ठरलं, आणि लोक खवळल्यावर काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. महिन्यातून दोनदा मंडईत जाणारी निवृत्त मास्तरांची गाडी आणि रात्रंदिवस पळून पाच वर्षांत पाच लाखांचा पल्ला गाठणारी टॅक्सी, या दोघींत धोक्याची कोणती? सरकारी उत्तर: मास्तरांची. तिची जन्मतारीख जुनी आहे. सरकारला कॅलेंडर वाचता येतं, डिपस्टिक नाही.

त्यातच पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि वायसर हे त्या पेयासाठी घडवलेले नाहीत. जन्मभर निर्व्यसनी राहिलेल्या गाडीला उतारवयात सरकारनेच पाजायला सुरुवात केली, आणि झिंगली तर दंड मालकाला. कोल्हापूरच्या मळ्यातला ऊस असा लखपतीच्या टाकीतून कावेरीपर्यंत पोचतो, ही राष्ट्रीय एकात्मता म्हणून मान्य करायला हरकत नाही.

परतीच्या वाटेवर तंजावर लागतं. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे तिथे राज्य करू लागले. तिथलं सरस्वती महाल ग्रंथालय प्रत्येक मराठी पर्यटक अभिमानाने बघतो. या ग्रंथालयात अश्वशास्त्र आणि गजशास्त्र यांच्या पोथ्या आहेत: घोडा आणि हत्ती कसा पारखावा, कसा सांभाळावा. थोडक्यात, वाहनाचं मॅन्युअल. राजेलोकांनी ते सचित्र करून जपलं. लखपती काचेपलीकडच्या पोथ्या बघून गहिवरतो. त्याच्या गाडीचं मॅन्युअल ग्लोव्हबॉक्समध्ये आहे, शोरूममधून आलं त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, अजून न फाडलेलं. त्याला ते उपयोगी पडतं ते टोलनाक्यावर सुटे पैसे ठेवायला.

याउलट न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर अर्व्ह गॉर्डन नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांनी १९६६ मध्ये एक व्होल्वो घेतली आणि २०१३ मध्ये तिच्यावर तीस लाख मैल पुरे केले. खासगी वापराच्या एका गाडीवर एकाच मालकाने इतकं अंतर कापल्याची दुसरी नोंद नाही. लोक त्यांना रहस्य विचारत. ते इतकं निराशाजनक होतं की त्यावर कुणाचं देऊळ उभं राहिलं नाही: मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेव्हा ऑइल बदलायचं, लिहिलंय तेव्हा पार्ट बदलायचे.

तेव्हा आमची एक नम्र सूचना आहे. लखपती भक्त आणि वाहन खातं, दोघांनाही कर्मकांडाची आवड आहे. एकाला लिंबाची, दुसऱ्याला पावतीची. दोघांनी मिळून कुंभकोणमच्या वाटेवर दहावं स्थान काढावं. मूर्ती नको, एक फिटर पुरे. हार नको, तेलाचा बोळा पुरे. गाडीची जन्मतारीख इथे कुणी विचारणार नाही. दर्शनाची अट एकच: आधी बॉनेट उघडायचं, आणि फिटर जे सांगेल ते काम करूनच पुढे जायचं. जागा लहान असली तरी चालेल. रांग लागण्याची भीती नाही.