मीनावहिनींचं माहेर महाळुंगे

"मीनावहिनींचं काय चुकलं नव्हतं," असं आण्णा पारावर बसल्या बसल्या एकदम बोलतात, तेव्हा नवख्या माणसाची पंचाईत होते. चाळीत खोली घेऊन राहिलेला नांदेडकडचा एखादा पोरगा सेकंड शिफ्टच्या बसची वाट बघत उभा असतो. गावातल्या कुठल्या तरी वहिनींचं घरगुती प्रकरण चार माणसांत आलंय, अशी त्याची समजूत होते. तो सभ्यपणे विचारतो, "मग मिटलं का आण्णा?"

"मिटतंय कशाचं? पंत ऐकतील तर ना!"

पोरगा बस येईस्तोवर हळहळतो. त्याला कोण सांगणार, की मीनावहिनी, पंत आणि टेकाडे भावजी ही महाळुंग्यातलीच काय, कुठल्याच गावातली माणसं नव्हेत. ती मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकामालेतली. मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, पंत म्हणजे बाळ कुडतरकर, टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी. तो प्रपंच बंद होऊनही आता कित्येक दशकं लोटली. आण्णांच्या लेखी मात्र ते भांडण अजून निकालात निघालेलं नाही.

खेड, मावळ, जुन्नर, कुठल्याही तालुक्यात जा, गावागणिक एक तरी आण्णा सापडतोच. ओळखायची खूण सोपी आहे. चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर, कव्हराचं बटण तुटलेलं, त्या जागी सुतळी. खिडकीत उन्हाला ठेवलेले दोन सेल. (संपलेला सेल उन्हात तापवला की आणखी एक कार्यक्रम निघतो, यावर या मंडळींची अढळ श्रद्धा असते.) आणि ट्रंकेत, सातबाऱ्याच्या उताऱ्याला चिकटून, रेडिओ बाळगण्याचा पोस्टातला जुना परवाना. परवान्याची पद्धत केव्हाच गेली. पण सरकारचा काय भरवसा, उद्या कुणी विचारलं तर?

आमचे आण्णा चाकणच्या एमआयडीसीला चिकटलेल्या महाळुंग्याचे. बालेवाडीजवळ दुसरं महाळुंगे आहे आणि आण्णांची पार्सलं आधी तिकडे फिरून येतात, ते सोडा. या महाळुंग्यात जिथं बाजरी होती तिथं आता शेड आहे, भुईमूग होता तिथं पार्किंग आहे, आणि हुलगे होते तिथं पत्र्याच्या बारा खोल्या आहेत. प्रत्येक खोलीपुढं चपलांचे चार जोड आणि प्रत्येक जोडाची भाषा वेगळी. गावातल्या तरुणांचं बोलणं स्क्रॅपचा ठेका, लेबरचा ठेका, जेसीबी आणि गुंठ्याचा भाव एवढ्यात आटपतं. आण्णांनाही खोल्यांचं भाडं येतं. पण कोणत्या खोलीत कोण राहतं ते त्यांना सांगता येत नाही. पंतांच्या घरात कोण कुठं बसतं ते झोपेतून उठवून विचारा.

याचं एक शास्त्रीय कारण आहे. पूर्वी मुंबई केंद्र इकडे लागायचं ते सह्याद्री ओलांडून, धापा टाकत. एक वाक्य स्वच्छ, दोन वाक्यं खरखर, मग कुठलं तरी परमुलखातलं गाणं, मग पुन्हा पंत. काटा केसाएवढा इकडं-तिकडं झाला की मीनावहिनी गायब. मधली जागा ज्याची त्यानं भरायची. त्यामुळे एकाच रेडिओपुढं बसलेल्या माणसांनी निरनिराळा प्रपंच ऐकला. एकदा म्हणे टेकाडे भावजी तरातरा निघून गेले. ते चहा घेऊन गेले की न घेता, याचा निर्णय नेमका खरखरीत बुडाला. आण्णा म्हणतात घेऊन गेले, बशीचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला. तात्या म्हणतात बशी नव्हे, ती बाहेर विजेची कडकड होती. या एका प्रश्नावर दोघांचं बोलणं मध्यंतरी एक पूर्ण पावसाळा बंद होतं. बांधावरून भांडणारे पुष्कळ बघितले. पण बांध निदान जाग्यावर असतो.

तात्या हे या मंडळातले तंत्रज्ञ. गोष्टीत काय चाललंय याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. घोड्याच्या टापा म्हणजे करवंट्या, पाऊस म्हणजे सुपात हलवलेली मोहरी, आग म्हणजे चुरगाळलेला कागद, हे ते दर वेळी ऐन रंगात आलेल्या प्रसंगी जाहीर करत. श्रुतिकेत कुणी रडायला लागलं की आण्णांचे डोळे भरून येत आणि तात्या म्हणत, "माइकपासून हातभर लांब हाय बघ बाई."

नाना हे खरे निष्ठावंत, कारण त्यांनी मालिका कधी ऐकलीच नाही. ते पिंपरीला कारखान्यात, वेळ नेमकी दुपारपाळीची. रात्री सायकल मारत घरी आले की आण्णा एक कथानक सांगत, सकाळी तात्या दुसरं. नानांनी कुणाचंही मन मोडलं नाही. त्यांच्या डोक्यात टेकाडे भावजी चहा घेऊनही गेले आणि न घेताही गेले, आणि दोन्ही वेळा त्यांना वाईट वाटलं.

काकी, म्हणजे आण्णांच्या मंडळी, चुलीपाशी बसून ऐकत आणि त्यांचा कौल एकदाच ठरला तो ठरला. "तिच्या बाजूनं बोलायला माहेरचं कुणी येतंय का कधी? मग आपणच की तिचं माहेर." त्या काळात त्यांनी मीनावहिनींच्या नावानं एकदा खणसुद्धा काढून ठेवला होता. तो पाठवायचा कुठं, हे न कळल्यानं पुढं धाकट्या जावेला गेला. जाऊबाईंना ते अजून माहीत नाही.

मुंबईकरांच्या प्रपंचात शेत नव्हतं, गोठा नव्हता, ही एवढी एक उणीव आण्णांना टोचायची. ती पुणे केंद्र भरून काढी. संध्याकाळच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात दोन-चार माणसं गप्पा मारत आणि गप्पांतून खत, बियाणं, कीड वगैरे निघे. पुणे केंद्र १९५३ साली गांधीजयंतीला सुरू झालं आणि १९५५ पासून तिथल्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकर नोकरीला होते, तेव्हा त्या गप्पांना मातीचा वास असणारच. माणदेशचा एवढा मोठा लेखक आपल्याला करपा आणि तांबेऱ्याची वार्ता ऐकवायच्या खात्यात बसतो, याचा आण्णांना केवढा अभिमान! ते पोस्टकार्डं टाकत. कार्यक्रमातल्या बोलणाऱ्या पात्राला त्यात सल्ला असे, 'तुमच्या खोंडाला शिंगं फुटताना तेल लावा, मागच्या गुरुवारी तुम्ही ते विसरलात.' उत्तर आलं की नाही यावर आण्णा मौन पाळतात.

आता हा सगळा खटाटोप सरकारनं मुद्दाम केलेला होता, हे आण्णांना आवडत नाही. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोता मंडळं बसवली. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास ऐकायचं, मग ऐकलेल्यावर गावानं चर्चा करायची आणि जमलं तर काही करून दाखवायचं. मूळ कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांची. त्या वेळचे आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर हे स्वतः हिंदीतले नाटककार, 'कोणार्क'चे लेखक. त्यांनी पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञाबरोबर या प्रयोगावर पुस्तक केलं. आपलं गाव त्या दीडशेत होतं, असा आण्णांचा दावा आहे. नव्हतं, असा तात्यांचा. यादी दोघांनीही पाहिलेली नाही, त्यामुळे वाद निकोप आहे. माझं मत विचाराल तर ऐकणं आणि चर्चा हे पहिले दोन टप्पे महाळुंग्यानं सरकारच्या अपेक्षेपेक्षा फार पुढं नेले. तिसऱ्याला वेळ उरला नाही.

या तिसऱ्या टप्प्यावरून आण्णांची एकदा चांगली फजिती झाली. उत्तर प्रदेशात लुत्सान नावाचं गाव आहे. १९९६-९७ साली आकाशवाणीच्या 'तिनका तिनका सुख' या १०४ भागांच्या हिंदी मालिकेत हुंड्यापायी एका मुलीचा जीव गेला. ते ऐकून लुत्सानच्या लोकांनी, एका शिंप्याच्या पुढाकारानं, हुंडा देणार-घेणार नाही असं भलंमोठं पत्र आकाशवाणीला धाडलं. खाली १८४ जणांच्या सह्या आणि अंगठे. मग परदेशी विद्यापीठांतले अभ्यासक त्या गावात येऊन राहिले. पेपरातून हे कळल्यावर आण्णा पारावर तापले. "एक मालिका ऐकली तर त्यांच्यावर पुस्तकं! आम्ही जन्म घातला, आमच्याकडं कुत्रं फिरकलं न्हाय! आम्ही काय हुंड्याच्या बाजूचे हाय का?"

काकी दळण घेऊन चालल्या होत्या. थांबल्या. "आन् ह्यो रेडू कुटनं आला?"

पारावर शांतता पसरली. रेडिओ, सायकल आणि मनगटी घड्याळ, ही आण्णांच्या लग्नातली बोली साऱ्या गावाला ठाऊक होती. सायकल मोडीत गेली, घड्याळ हरवलं. पन्नास वर्षं ज्याच्यावर मीनावहिनींची कड घेतली तो फिलिप्स तेवढा उरलाय. नानांनी हलकेच विषय हवामानावर नेला.

बाकी घड्याळ हरवल्यानं आण्णांचं काही अडलं नाही. प्रादेशिक बातम्यांत सुधा नरवणे बोलायला लागल्या की आंघोळीचं पाणी, कामगारसभा लागली की जेवण. आणि संध्याकाळचं दूध आकाशवाणीच्या सुरुवातीच्या धुनीवर. ती धून बांधली वॉल्टर कॉफमन यांनी. प्रागमध्ये शिकलेले हे ज्यू संगीतकार नाझींच्या धास्तीनं १९३४ साली मुंबईत आले होते. आण्णांची म्हैस ती धून वाजल्याशिवाय पान्हा सोडत नसे. युरोपच्या एवढ्या मोठ्या उलथापालथीचा महाळुंग्याच्या दुधावर असा थेट परिणाम झालेला कुठल्या इतिहासकारानं नोंदवलेला नाही.

गेल्या वर्षी आण्णांच्या वरच्या मजल्यावर एक इंजिनिअर राहायला आला. कंपनीच्या कामानं तीन वर्षं इंग्लंडात काढून आलेला. त्यानं भाड्याचे पैसे देता देता सहज सांगितलं, की तिकडे बीबीसीवर 'द आर्चर्स' नावाची खेड्यातली मालिका आहे, १ जानेवारी १९५१ पासून देशभर चालू, अजून संपलेली नाही. आण्णांनी पैसे न मोजता खिशात घातले आणि त्याला खाली बसवलं.

ॲम्ब्रिज नावाचं गाव, नकाशावर नसलेलं. आर्चर नावाचं शेतकरी कुटुंब. महायुद्धानंतर रेशन चालू होतं, पिकं वाढायला हवी होती, म्हणून शेतीखात्याच्या सल्ल्यानं सुरुवात झाली. शेतीच्या कथानकांवर नजर ठेवायला आजही वेगळा संपादक असतो. हे आण्णांना फार पटलं. मग इंजिनिअरनं ग्रेसची हकीकत सांगितली. घरची नवी सून, तबेल्याला आग लागली, घोडा वाचवायला आत शिरली आणि गेली. तारीख २२ सप्टेंबर १९५५. त्याच रात्री तिकडे पहिली खासगी टीव्ही वाहिनी सुरू होत होती. सारा देश रेडिओपाशी रडत बसला.

"कागद चुरगाळला असंल," तात्या म्हणाले.

"पोरीचा म्हाळ कोण घालतं?" काकींनी विचारलं.

पेगी नावाची भूमिका जून स्पेन्सर या बाईंनी १९५० च्या प्रायोगिक भागांपासून केली आणि २०२२ मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी सोडली, हे ऐकून काकींनी पदर तोंडाला लावला. "एवढी वर्सं एका घरात नांदली? काय सोसलं असंल बाईनं."

आण्णा मात्र व्यवहाराचं विचारत होते. "साहेब, त्या गावात एमआयडीसी आली का?"

"नाही आण्णा."

"रिंगरोड?"

"रस्त्यावरून वाद झाले होते मालिकेत. पण झाला नाही."

"मग चालणारच की पाऊणशे वर्सं," आण्णा म्हणाले. "हितं मालिका लावली असती तर दुसऱ्या भागात सातबारा, तिसऱ्यात मोबदला आन् चौथ्यात भावाभावांची कोर्टकचेरी. पाचव्या भागाला शेतकरी आणायचा कुटनं?"

इंजिनिअरनं मोबाइलवर एक भाग लावला. बाहेर तळेगाव-चाकण रस्त्यावर शिफ्ट सुटल्याची गर्दी, कंटेनरचे भोंगे, दुचाक्यांची किरकिर. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं आणि कळलं असतं तरी निम्मं ऐकू आलं नसतं. आण्णांची कळी मात्र खुलली. खरखर असल्याशिवाय श्रुतिका लागली असं त्यांना वाटतच नाही. तेवढ्यात मोबाइलातून गाय हंबरली.

"गाभण हाय," आण्णा म्हणाले.

"व्यालीय. वासरू लांब बांधलंय," तात्या.

"दोन्ही असंल," नाना.

"धार काढायची येळ टळलीय," काकी म्हणाल्या, "आन् ती बया नुसती बोलत बसलीय."

इंजिनिअर सांगत होता, की संवादांत गाईचा संबंधच नाही, त्या दोघी कसल्याशा जत्रेतल्या केकच्या स्पर्धेबद्दल बोलतायत. त्याचं कुणी ऐकलं नाही. आण्णांनी नातवाकडून वही मागवली. मालिका बर्मिंगहॅमला तयार होते म्हटल्यावर पत्ताही तिथलाच टाकायचा ठरला. पोस्टकार्ड तिकडे जात नाही, असं इंजिनिअरनं समजावल्यावर 'मग तुमच्या त्या ईमेलवरून धाडा' अशी तडजोड झाली आणि आण्णांनी मजकूर सांगायला घेतला: "रा. रा. आर्चर पाटील यांना महाळुंग्याहून साष्टांग नमस्कार. तुमची गाय आमच्या समक्ष दोनदा हंबरली..."

"एकदा," तात्या म्हणाले. "दुसरा कंटेनर होता."