बदलायची गिटार

स्वस्त इलेक्ट्रिक गिटार घ्यावी आणि मग हवी तशी बदलावी, असं जाणकार सांगतात. त्याची सोय गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्येच करून ठेवली होती: मान चार स्क्रूंवर, पिकअप पिकगार्डसकट बाहेर. पुढे रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने ५० डॉलरची बॉडी नि ८० डॉलरची मान जोडून जग हलवलं. तेव्हापासून सोल्डरिंग आयर्न घरोघरी पोचलं. एडीची बोटं तेवढी दुकानात मिळत नाहीत. आधी पिकअप बदलतात, मग खुंट्या, नट, ब्रिज. खर्च चांगल्या गिटारीच्या पुढे जातो. फ्रेटच्या कडा बोटांना टोचतात का, हे मात्र कुणी बघत नाही. सध्या पिकगार्डच्या रंगावर चर्चा चालू आहे.