तोंड उघडणारं हेल्मेट: निवड आणि निगा

पिंपरी पेंढारहून आळेफाट्याकडे निघालेल्या मोटरसायकलस्वाराला तोंडाची कामं फार असतात. भावकीतला कुणी समोरून आला की राम राम घालायचा. कांद्याची पिकअप दिसली की ‘काय भाव निघाला?’ अशी आरोळी ठोकायची. मध्येच फोन येतो, तंबाखूचा बार लावायचा असतो, फाट्यावर चहा असतो. ज्या आळ्यात वेद म्हणणाऱ्या रेड्याची समाधी आहे, त्या रस्त्यानं जाताना माणसानं तोंड मिटून बसावं हे कोणत्या शास्त्रात बसतं? या भागातल्या लोकांना हेल्मेटचं वावडं नाही. वावडं आहे ते बंद तोंडाचं. म्हणून हनुवटीचा भाग वर उचलता येतो असं मॉड्युलर हेल्मेट, दुकानदाराच्या भाषेत ‘फ्लिप-अप’, कसं घ्यावं याचं हे सविस्तर विवेचन.

आधी कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये पगडी बांधलेल्या शिखांना सूट आहे. गांधी टोपीचा त्यात उल्लेख नाही, तेव्हा टोपीवर हेल्मेट चढवण्याचा प्रघात सोडून ती घडी करून खिशात ठेवावी. हेल्मेट पट्ट्यानं डोक्याला घट्ट बांधलेलं असावं, असंही तेच कलम म्हणतं. कोपरात अडकवलेलं, आरशाला टांगलेलं किंवा मेथीची जुडी घालून टाकीवर ठेवलेलं हेल्मेट या व्याख्येत बसत नाही. केंद्राच्या कायद्यात कलम १९४-ड नुसार दंड १,००० रुपये, शिवाय तीन महिने परवाना गुंडाळून ठेवायचा.

आता माप. गावात डोकं मोठं असणं मानाचं समजतात, त्यामुळे जो तो मोठं हेल्मेट मागतो. शिंप्याची टेप भुवयांच्या बोटभर वरून डोक्याभोवती फिरवावी आणि येईल तो आकडा निमूटपणे मान्य करावा. हेल्मेटच्या आत ५८० मिमी, ६०० मिमी असं छापलेलं असतं. नवं हेल्मेट घातल्यावर गाल थोडे वर दाबले गेले पाहिजेत. चेहरा तोबरा भरल्यासारखा दिसला तर माप बरोबर आहे. मग पट्टा लावून कुणाला तरी मागून हेल्मेट पुढे लोटायला सांगावं. डोक्यातून निघून आलं तर ते आपलं नव्हे.

एवढ्यात दुकानदार चहा मागवेल. नको म्हणू नये. चहा येईपर्यंत हेल्मेट डोक्यावर ठेवावं. कपाळावर एकाच जागी रुतत असेल तर दहा-पंधरा मिनिटांत कळतं, आणि तसं रुतणारं हेल्मेट माळशेजपर्यंत गेल्यावर माणसाचा स्वभाव बदलतं. चहा आला की एका हातानं हनुवटी उचलून बघावी. खटका अंगठ्याला सहज सापडला पाहिजे. बंद करताना दोन्ही बाजूंनी एकदमच ‘खट्’ व्हायला हवं. एक बाजू आधी आणि दुसरी सावकाश बसत असेल, तर दुकानदार कितीही जवळचा पाव्हणा असो, पुढचं मॉडेल मागावं. खटक्याची पिन धातूची आहे की प्लॅस्टिकची, हेही विचारावं. चष्मेवाल्यांना हा प्रकार वरदान आहे. चष्मा न काढता हेल्मेट चढतं.

तोंड उघडं ठेवून गाडी चालवायची का? युरोपच्या मानकात यासाठी अक्षरं आहेत. ‘पी’ म्हणजे हनुवटीच्या संरक्षणाची चाचणी झालेली, ‘पी/जे’ म्हणजे बंद आणि उघडं अशा दोन्ही स्थितींत मान्यता मिळालेली, आणि ‘एनपी’ म्हणजे हनुवटीचा भाग निव्वळ शोभेचा. आपल्याकडच्या बहुतेक हेल्मेटांवर ही अक्षरं नसतात, त्यामुळे सोपा नियम असा: गाडी उभी असताना बोला, चालू असताना मिटा. राम राम मान हलवूनही पोहोचतो.

शिक्का मात्र पाहायचाच. १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे. शिक्क्याच्या वर ‘आयएस ४१५१’ आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर घालून बघता येतो. रस्त्याकडेला ढीग लावून विकतात त्यांच्याही हेल्मेटवर शिक्का असतो, पण क्रमांक विचारला की विक्रेत्याला अचानक दुसरं गिऱ्हाईक दिसतं.

काळी काच घेऊ नये. रुबाब दिसतो, पण दिवेलागणीनंतर दोन्ही बाजूंना ऊस असताना समोरचं स्पष्ट दिसणं ही आमच्याकडे चेष्टेची गोष्ट राहिलेली नाही. बिबट्यानं माणसं नेली आहेत. पारदर्शक काच, आणि धुक्यासाठी आतून बसणारी वाफरोधक काच लावायची सोय असेल तर उत्तम.

या हेल्मेटचे दोष सांगायलाच हवेत. बिजागऱ्या आणि खटक्यामुळे ते साध्या बंद हेल्मेटपेक्षा जड असतं, वजन साधारण दीड किलोच्या घरात जातं. वाराही जास्त घोंघावतो. दिवसभराच्या प्रवासाला मान बोलू लागते.

आणि किंमत. देशी कंपन्यांची, त्यात आपल्या बेळगावची वेगाही आली, फ्लिप-अप हेल्मेटं दीड-दोन हजारांपासून मिळतात. पाच-सहा हजारांचंही मिळतं, अस्तर मऊ आणि खटका गुळगुळीत. ते हातात घेऊन ‘सेफ्टीत तडजोड नको’ असं पुटपुटणाऱ्या गृहस्थानं मागं वळून बघावं. मागच्या सीटवर बसणाऱ्यालाही कलम १२९ लागू आहे, आणि ती मागच्या सीटवरची बाई पदर डोक्यावरून घेऊन मुकाट उभी आहे. त्याच पैशात अडीच-अडीच हजारांची दोन येतात. दुसरं तिच्या मापाचं घ्यावं, आणि ते तिनं स्वतः घालून निवडावं. टेप तिच्याही डोक्याभोवती फिरवावी. आकडा आपल्यापेक्षा मोठा निघाला, तर बाजारात वाच्यता करू नये.