महाराज, सिंहासन जरा सरकवलंय

ग्राहक हा राजा असतो, असं दुकानांच्या पाट्यांवर लिहिलेलं असतं. संगणकाच्या बाजारात तर तो चक्रवर्ती. पडद्यावर हिमालय हवा की गोव्याचा किनारा, हे सर्वस्वी महाराजांच्या मर्जीवर. फक्त 'स्टार्ट'चं बटण कुठे असावं यात महाराजांनी लक्ष घालायचं नाही. ते प्रधान बघतात, आणि प्रधान अमेरिकेत रेडमंडला, मायक्रोसॉफ्टच्या मुख्यालयात बसतात.

हे बटण 1995 मध्ये विंडोज 95 बरोबर आलं आणि डावीकडे खाली कोपऱ्यात बसलं. सतरा वर्षं ते तिथेच होतं. हेडक्लार्कांची एक अख्खी पिढी त्या कोपऱ्याच्या भरवशावर सुखाने निवृत्त झाली. 2012 मध्ये विंडोज 8 आलं आणि बटण गेलं. त्याजागी पडदाभर रंगीत फरशा, बोटाने दाबायच्या. ज्यांच्या पडद्यावर बोट टेकलं तर फक्त डाग पडतो, त्यांनाही त्याच. जगभर बोंबाबोंब झाली तेव्हा 2013 च्या 8.1 मध्ये बटण परत आलं. ते दाबलं की काय उघडायचं? तोच फरशांचा पडदा! मागणी 'तत्त्वतः मान्य' करण्याची ही रीत आपल्या मंत्रालयाला नवी नाही, त्यामुळे निदान मराठी माणसाला तरी त्यात परकेपणा वाटला नसावा.

खराखुरा मेनू 2015 च्या विंडोज 10 मध्ये परतला. सहा वर्षं बरी गेली. मग 2021 मध्ये विंडोज 11 ने बटण उचलून खालच्या पट्टीच्या मधोमध नेऊन ठेवलं. त्यातही गंमत अशी की, एकेक प्रोग्रॅम उघडत जावा तसं ते हळूहळू डावीकडे सरकतं. म्हणजे सकाळी जिथे होतं तिथे दुपारी सापडेलच असं नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन ते कोपऱ्यात परत बसवता येतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मात्र अख्खी पट्टीच पडद्याच्या वर किंवा बाजूला नेण्याची जुनी सोय विंडोज 11 आणताना काढून घेतली होती.

सेटिंग्जचं प्रकरणही ऐकण्यासारखं आहे. 2012 पासून एकाच घरात दोन कारभारी आहेत: जुनं कंट्रोल पॅनेल आणि नवं सेटिंग्ज. आवाज येत नाही म्हणून तुम्ही नव्याकडे जाता. गुळगुळीत, गोल कोपऱ्यांचं, प्रशस्त पान उघडतं. हवं ते तिथे नसतं. खाली आणखी पर्यायांची एक ओळ असते, ती दाबली की टुणकन एक छोटीशी राखाडी चौकट उडी मारते. ही तीच, जुन्या विंडोजमधली! माउसची उजवी कळ दाबून बघा, तिथेही तेच. नवा सुटसुटीत मेनू येतो, त्याच्या तळाशी 'आणखी पर्याय', आणि ते दाबलं की जुना मेनू जसाच्या तसा. नव्या विंडोजमधली कामाची वस्तू बहुधा जुन्या विंडोजमध्ये असते.

आपल्याकडे 2001 पासून लाखोंनी एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम केला. यातलं 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट; शिकणाऱ्यांची समजूत काहीही असो. 'फाइल'मध्ये जा, 'सेव्ह' दाबा, हे घोकून लोक नोकरीला लागले, आणि ऑफिस 2007 मध्ये 'फाइल' हा शब्दच गायब! त्याजागी एक गोल चकती. 2010 च्या आवृत्तीत 'फाइल' परत. ज्यांनी मधली तीन वर्षं बदलीच्या ठिकाणी जुन्या संगणकावर काढली, त्यांना काही कळलंच नाही. भाग्यवान लोक.

निवडीचं स्वातंत्र्य नाही असं मात्र म्हणू नका. युरोपीय आयोगाने 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टकडून वचन घेतलं, की ग्राहकाला ब्राउझर निवडू देऊ. मग युरोपातल्या पडद्यांवर बारा ब्राउझरांची यादी झळकली. 2011 मध्ये विंडोज 7 चा एक अपडेट आला आणि यादी गुप्त झाली. सुमारे दीड कोटी वापरकर्त्यांना 14 महिने निवडच नव्हती. कंपनी म्हणाली, तांत्रिक चूक. आयोगाने 2013 मध्ये 56 कोटी 10 लाख युरो दंड ठोकला. स्टार्टचं बटण मात्र कधी चुकून जागेवर राहिल्याचं ऐकिवात नाही.

मग लिनक्सवाले म्हणतात, आमच्याकडे या, आमच्याकडे मोकळीक. आहेच. 2011 मध्ये ग्नोम 3 या लिनक्सवरच्या डेस्कटॉपने जुनी मांडणी मोडली तेव्हा रुसलेल्यांनी भांडत न बसता सरळ वेगळी चूल मांडली. एकाने मेट काढलं, दुसऱ्याने सिनॅमन. परदेशातलं मराठी मंडळ फुटावं इतक्या सहजतेने. त्याआधी 2010 मध्ये उबुंटू या लिनक्सच्या अवताराने खिडकी बंद करायची फुली उजवीकडून डावीकडे नेली. लोक खवळले तेव्हा प्रमुख मार्क शटलवर्थ यांनी स्वच्छ सांगितलं, ही लोकशाही नव्हे. सात वर्षांनी, 2017 मध्ये, फुली पुन्हा उजवीकडे आली. तेव्हाही मतदान नव्हतंच.

तरीही ग्राहकाचं कुणी ऐकत नाही हा आरोप मला मान्य नाही. कंट्रोल-एफ दाबलं की शोध, हे बहुतेक सगळीकडे ठरलेलं. आउटलुकमध्ये दाबा, आलेली मेल पुढे पाठवायची चौकट उघडते. मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या रेमंड चेन यांनी त्याची हकिकत लिहून ठेवली आहे. आउटलुकच्या आधीच्या मेल-प्रोग्रॅमची चाचणी चालू होती, आणि एका वापरकर्त्याने तक्रार नोंदवली, की आपल्याला कंट्रोल-एफने मेल पुढे पाठवायची सवय आहे. एकच तक्रार, पण ती तत्परतेने दूर झाली आणि आजवर कुणी त्या कळीला हात लावलेला नाही.

तक्रारदाराचं नाव बिल गेट्स.