यंत्रमहाराज, माझे दिवस माझ्या हाती द्या

शेंगेन वेशीचे द्वारपाल, श्रीमंत एंट्री-एग्झिट सिस्टम महाराज यांचे सेवेशी,

सा. न. वि. वि.

12 ऑक्टोबर 2025 रोजी आपण युरोपातल्या 29 देशांच्या वेशीवर कामाला बसलात. टप्प्याटप्प्याने 10 एप्रिल 2026 पर्यंत पासपोर्टावरचा शिक्का हद्दपार करायचा, असे तेव्हाच ठरले होते. एवढ्या मोठ्या आसामीला मी पत्र लिहिते आहे, कारण माझी नातवंडे म्युनिकला आहेत आणि आपल्याच दारातून मला जावे लागते.

आधी आभार. शिक्का पुसट उमटायचा, एकावर एक बसायचा. जाताना मारायचा राहून गेला, तर मुक्काम लांबवल्याचा संशय प्रवाशावर यायचा. ती कटकट आपण मिटवलीत. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाही, हेही बरे केलेत. आम्हा व्हिसावाल्यांचे ठसे व्हिसा काढतानाच घेतलेले असतात. आपल्यापुढे चेहरा दाखवायचा. दाखवते.

आपली स्मरणशक्ती दांडगी. आल्यागेल्याची नोंद तीन वर्षे ठेवता; बाहेर पडल्याची नोंद सापडली नाही तर पाच वर्षे. माझी आठवण मात्र शिक्क्यांवर चालत होती, महाराज. ते आपण काढून घेतलेत.

किती समजूतदार होता तो! येतानाचा सरळ कोपऱ्यांचा चौकोन, जातानाचे कोपरे गोल. वर एका बाजूला ताऱ्यांच्या कड्यात देशाचे अक्षर, दुसऱ्या बाजूला विमान, मोटार, आगगाडी किंवा जहाज. मध्ये तारीख, खाली ठिकाण. जर्मनचा एक शब्द न येणाऱ्या मला तो घडाघडा वाचता यायचा.

आणि वाचावाच लागायचा. कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहायचे, हा आपल्या दारचा कायदा. आल्याचा दिवस धरायचा, गेल्याचाही धरायचा, आणि तिथे असताना रोज नव्याने 180 दिवस मागे मोजत जायचे. एप्रिल 2024 मध्ये भारतीयांसाठी नियम सैल झाले. तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील, तर दोन वर्षे ये-जा करता येईल असा व्हिसा मिळू लागला. माझे वर्षातून दोनदा जाणे तेव्हापासूनचे. पासपोर्ट उघडा ठेवून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा करायची. शेवटचे चार दिवस राखून ठेवायची, विमान चुकले तर असावेत म्हणून.

आता उरलेले दिवस संकेतस्थळावर विचारण्याची सोय आपल्या नियमांत आहे. कृपा आहे. पण माझे दिवस मी आपल्याला विचारायचे? आणि आपल्या उत्तरात चूक निघाली, तर दाखवायला माझ्यापाशी काय? शिक्का आपल्याच माणसाने, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या पासपोर्टात मारलेला असे. तो कुणाला नाकारता येत नव्हता. आज हिशेब आपला, वही आपली, निकालही आपला.

आमच्या ह्यांचा जुना पासपोर्ट कपाटात आहे. त्यात फ्रँकफर्टचा शिक्का आहे, विमानाच्या चित्राचा, नातीच्या जन्माच्या दोन दिवस आधीचा. आम्ही वेळेवर पोचलो होतो. हे आता नाहीत. कधी कधी दुपारी ते पान उघडून त्या तारखेवर बोट ठेवते. ही नोंद आपल्यापाशी असती, तर तीन वर्षे भरल्यावर पुसली गेली असती. नियमाने ते योग्यच असेल. पण मग मी बोट कशावर ठेवायचे?

म्हणून पदर पसरून मागते. शिक्का द्यायचा नसेल, तर चिठ्ठी द्या. हाँगकाँगने 2013 मध्ये शिक्के थांबवले, तेव्हा पाहुण्यांच्या हातात छापील चिठ्ठी द्यायला सुरुवात केली होती. टीचभर कागद असतो तो. आल्याची तारीख, ठिकाण आणि कुठवर राहता येईल तो दिवस, एवढे लिहा. पासपोर्टाच्या पानात मी जपून ठेवीन.

पुढच्या महिन्यात येते आहे. चेहरा दाखवीन, आणि मग चिठ्ठीसाठी हात पुढे करीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
म्युनिकच्या दोन नातवंडांची आजी